वरच्या दोन खोल्या

ब्राउनश्वाइग, ९ जानेवारी १९६५

चि. आत्मारामास मालूताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे मेहुणे माझ्याशी बोलत नाहीत, आणि कशापायी, तर एका तुर्कापायी. घरची बायको परकी झाली. ऐक. आमच्या डोक्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. ह्यांच्या कारखान्यातला रजब, हे बर्फावर पडले तेव्हा महिनाभर तळघरातून आमचा कोळसा वर आणून देणारा, त्याला त्या पाहिजेत. तो कामगारांच्या वसतिगृहात, हाइम म्हणतात इथं, त्यात राहतो, खोलीत सहाजण. सरकारी ऑफिस म्हणतं, आधी घर दाखव, मग बायको-मुलीला आण. मुलगी चालायला लागली ती त्यानं फोटोतच पाहिली म्हणे.

घरमालकीण फ्राऊ ब्रांडेसनं मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे मुसलमान पुष्कळ, ही माणसं राहायला कशी? इथं आल्यापासून मला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदा. कॉफी दिली, केक दिला. मला भाषा कुठली येते, मी करूनच दाखवलं. नाक धरलं. जमिनीवर बसून हातानं जेवले. पाहुण्यांमागून पाहुणे येतात ते बोटांनी चालवून दाखवलं. शेवटी ओणवी होऊन डोकं टेकलं. बाई हसून हसून लाल झाली. रजबला नाही म्हणून कळवलं.

हे विचारतात, त्याच्या बायकोला तू पाहिलीस का. पाहायचंय काय त्यात? आणि त्यातली एक खोली तुझ्या भास्करला होईल. इथल्या कॉलेजात त्याचं नाव लागलंच आहे, मी शब्द टाकते. आमची शुभा मजेत, मराठीत विचारावं तर जर्मनमध्ये उत्तर देते. वीणाला मेतकूट दळून ठेवायला सांग. माया असू दे.

तुझी मालूताई

मिरज, २ फेब्रुवारी १९६५

ती. मालूताईस आत्मारामचा सा. न. वि. वि.

मेतकूट तयार आहे, भास्करबरोबर येईल. तुझी नक्कल वाचून वीणा हसली, मग तिनं पत्र घडी करून माझ्या हातात दिलं.

ताई, मेहुण्यांना तिकडे घर मिळेना म्हणून तू आमच्या पुढच्या खोलीत तीन वर्षं काढलीस. पोस्टमन दिसला की भरल्या ताटावरून उठायचीस. तिकडे कोण नको म्हणत होतं ते आपल्याला कधी कळलं नाही. रजबच्या बायकोलाही कळणार नाही. त्या बाईंकडे पुन्हा जा आणि कोळशाचं सांग. भास्कर कुठंही राहील. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा आत्माराम

ब्राउनश्वाइग, १३ मार्च १९६५

चि. आत्मारामास आशीर्वाद, वि. वि.

मिरजेत बसून शहाणपण सांगायला तुझं काय जातं? मी गेले नाही. एकदा बोलले ते बोलले.

परवा गेले ती भास्करसाठी. त्याचा फोटो नेला, बेसनाचे लाडू नेले. बाईनं फोटो पाहिला, लाडू खाल्ला, चांगला म्हणाली. मग हसत हसत नाक धरलं आणि आमच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं. तेवढी जाड बाई, पण जमिनीवर बसली, हातानं जेवली. पाहुणे बोटांवरून चालवले. शेवटी हात जोडून, आमच्या देव्हाऱ्यापुढे मी टेकते तसं डोकं टेकलं. सगळं माझंच, एकापुढे एक तसंच. असलं एक कुटुंब घरात पुरे, तुमच्याकडेही जादा माणूस नको, आणि तुम्ही त्यातले चांगले, असं म्हणाली. एवढं जर्मन मला कळतं. खोल्या कुणा नव्या जोडप्याला दिल्या. मीही हसले. काय करते, कॉफी पुढ्यात होती.

घर नाही म्हणून रजबच्या बायकोचा अर्ज परत आला. का मिळालं नाही, ते त्याला माहीत नाही. भास्करचं ह्यांच्याकडून कळल्यावर काल आपण होऊन आला. हाइममध्ये त्याच्या शेजारची खाट रिकामी आहे, वॉर्डनशी बोलून ठेवलीय. पत्ता नसेल तर भास्करची इथं नोंदही व्हायची नाही. जाताना माझी कोळशाची बादली रिकामी दिसली, ती भरून ठेवून गेला. मी चहा विचारला नाही. माझ्यानं त्याच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

तुझी शिकवण तुझ्यापाशी ठेव. भास्कर तुर्काच्या शेजारी झोपेल का, एवढंच सांग. झोपणार असेल तर नकलेचं अवाक्षर रजबपाशी काढणार नाही, असं त्याला वीणाच्या पायावर हात ठेवून म्हणायला लाव. खाट महिनाअखेरपर्यंतच धरलीय. लोभ ठेवायचा तर ठेव, पण तीस तारखेला तुझं हो की नाही माझ्या हातात पडलं पाहिजे.

मालूताई