त्रेचाळिसावं मत

ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेकीकडे सुखरूप पोचलो. सलूनची किल्ली तुझ्याकडेच राहू दे, कोणी घेणारा भेटला तर विकून टाक. तुझ्याइतका लाडका माणूस वॉर्डात दुसरा नाही, असं म्हणून सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, निवडणुकीला उभं केलं आणि मतं पडली त्रेचाळीस. तीस वर्षं ज्यांच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावली, त्यांनीच केसानं गळा कापला. न्हाव्याचाच.

आता कळतं, खुर्चीत बसून ती माणसं आरशात स्वतःलाच बघत होती. मला वाटायचं, माझ्याकडे बघून हसतायत. फार थकलो गं.

मत कोणी दिलं असेल ते बोटांवर मोजत बसतो. अगदी खात्रीची माणसं धरली तर बरोबर त्रेचाळीस भरतात. पहिलं नाव तुझं.

लोकांचा लोभ पुरे झाला, तुझा तेवढा असू दे.

धाकटा

ता. १५

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घेणारा मी शोधलेलाच नाही. इथे मास्तरांच्या कानांवर केस आलेत, बेकरीवाला दाढीत ओळखू येत नाही. कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये मात्र कोणी पाय ठेवत नाही. बेकरीवाल्याला खडसावलं, तर खाली बघत म्हणाला, तो निवडून आला असता तर आमचे केस कोणी कापले असते. लोकांचं प्रेम सोयीपुरतं असतं रे, पण म्हणून खोटं नसतं.

आता मनावर दगड ठेवून लिहिते. यादीतलं माझं नाव खोड. मी तुला मत दिलं नाही. प्रचारात दिवसभर लोकांना हसून दाखवायचास आणि घरी आलास की भिंतीकडे तोंड करून बसायचास. मला माझा भाऊ परत हवा होता. रागाव, पण इथे येऊन रागाव.

तुझी ताई

ता. २१

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तूही नाहीस, मग उरलं कोण, असं झालं. आज आरशासमोर दाढी करताना ध्यानात आलं. तुझं नाव खोडलं तर बेचाळीस उरतात, आणि मतं तर त्रेचाळीस होती. म्हणजे ज्याला मी आपला धरलाच नव्हता, अशा कुणीतरी गुपचूप मला मत दिलंय.

सोमवारी येतो. दुकान झाडून ठेव. तो कोण ते कधीच कळायचं नाही, त्यामुळे खुर्चीत बसेल तो तोच, असं समजून प्रत्येकाचे केस कापावे लागणार.

लोभ आहे, रागही आहे, दोन्ही असू द्यावे.

धाकटा