मेंडिपची सोपी वाट आणि बेपत्ता अण्णा

ब्रिस्टल,
मे महिन्यातला दुसरा रविवार

ती. लीलावती आत्यास अवधूतचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? कूलरमध्ये पाणी स्वतः बादलीने भरत नाहीस ना? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. एरवी हा शब्द मी सवयीने लिहून टाकला असता, पण या वेळी अगदी मनापासून लिहितोय. अण्णा समोर बसून संत्रं सोलताहेत, हातपाय शाबूत आहेत आणि हट्टही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझं बीपी वाढायला नको. (फोनवरच सांगणार होतो, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग सगळ्या बिल्डिंगला कळतं.)

आई गेल्यापासून अण्णा कसे झालेत ते तू पाहिलंच आहेस. इथे येऊन त्यांना सात आठवडे झाले. सकाळी चहा घेऊन खिडकीपाशी बसले की संध्याकाळपर्यंत तिथेच. झोप लागली का विचारलं तर "ठीक आहे", आमटी कशी झाली विचारलं तरी "ठीक आहे". आईचं तर नावही नाही. शेवटी तनया म्हणाली (बायको, त्यात हॉस्पिटलात फिजिओ, तेव्हा तिचं ऐकावंच लागतं), "त्यांना मोकळ्यावर ने, जरा चालव." म्हणून मी एक सोपी, छोटी पायवाट शोधायला घेतली.

आत्या, विमानाच्या पंखांचं डिझाइन करणाऱ्या माणसाला सोपं काही करता येत नाही. मी तीन आठवडे शोधत होतो. चढ नको, कुंपणावरून उड्या नकोत, वाटेत बाक हवा, गाई नकोत, आणि वाट गोल हवी, म्हणजे निघालो तिथेच परत यायचं, चुकायला जागाच नाही. अशी एक सापडली, शहरापासून अर्ध्या तासावर, मेंडिपच्या टेकड्यांत. चार किलोमीटर, सगळा गवताळ माळ आणि मधे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. मी मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं (पाणी पिण्याच्या वेळांसकट) आणि प्रिंट काढून अण्णांना दिलं. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं रानोमाळ सर्व्हे केलेल्या माणसाने तो कागद एकदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "ठीक आहे."

गेल्या सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी होती, तेव्हा निघालो. माझ्या सॅकमध्ये दोन रेनकोट, थर्मास, तनयाने केलेले धपाटे, अण्णांच्या गोळ्या आणि अण्णांचा फोन. (त्यांच्या खिशाला भार नको म्हणून! ही अक्कल माझीच.) दहा मिनिटं चाललो आणि बाक आला. अण्णा बसले.

"वाट गोल आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तू फिरून ये. मी इथेच भेटतो."

मी थोडी हुज्जत घातली. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, सात आठवडे त्या गप्प खिडकीसमोर काढल्यावर मलाही तासभर एकटं चालावंसं वाटलं. मी गेलो.

अर्ध्या वाटेवर, फाटकाच्या पलीकडे, अकरा गाई. इथल्या गाई आपल्यासारख्या रस्त्यात बसून राहत नाहीत, त्या चौकशीला जवळ येतात. मी डावीकडच्या झुडपांत शिरलो. काट्यांतून बाहेर पडलो तो भलत्याच दरीत, कुणाच्या तरी शेतात, आणि फोनवरचा नकाशा बंद. एका तासाच्या वाटेला मला सव्वादोन तास लागले. परत आलो तर बाक रिकामा.

मी पूर्ण टेकडीभर "अण्णा! अण्णा!" ओरडत फिरलो. अ‍ॅना नावाची एक कुत्री दोनदा धावत आली. कार पार्कमध्ये नाहीत, टॉयलेटमध्ये नाहीत. तनया फोन उचलेना. ज्यांच्या गोळ्या माझ्या पाठीवर, फोन माझ्या पाठीवर, त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मी परक्या देशात माळावर बसवून गेलो होतो, कारण मला कंटाळा आला होता. शेवटी मी बाकावर बसलो. बाकाच्या पाठीला छोटी पितळी पाटी होती: पॅट्रिशिया, हिला इथून दिसणारं सगळं आवडायचं. आत्या, मी रडलो. मग ९९९ (इथला पोलिसांचा नंबर) लावायला फोन काढला, तेवढ्यात मागून आवाज आला. अण्णांचा. इंग्रजीत. आणि लांबलचक वाक्यांत.

सोबत काठी टेकत एक उंच म्हातारा, ग्रॅहम. ती पाटी त्याच्या गेलेल्या बायकोच्या आठवणीची. दर सोमवारी तो तिथे येऊन बसतो. अण्णांनी पाटी वाचली होती, म्हणून त्याला बघून ते उठले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "बसा हो, तिला माणसं आवडायची." मग दोघं बोलत बसले आणि मी येईना म्हणून उलट्या बाजूने मला शोधायला निघाले. पूर्ण चार किलोमीटर, त्या गाईंमधून. (अण्णांनी "हट्" म्हटलं. गाई सरकल्या.)

"कुठे होतात तुम्ही?" मी जरा जोरातच ओरडलो.

"गोल वाटेवर," अण्णा म्हणाले. "तू कुठे होतास?"

मग तिघांनी बाकावर बसून धपाटे खाल्ले. त्या पिवळ्या फुलांना ओल्या नारळासारखा वास येतो. अण्णांनी एक फूल हुंगलं आणि ग्रॅहमला म्हणाले, "माझी सुनंदा असती तर म्हणाली असती, कुणीतरी वड्या थापल्यात." वर्षभरानंतर मी त्यांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं. येताना गाडीत ते अखंड तिच्याबद्दल बोलत होते. माझं एक वळण चुकलं, त्यामुळे घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तनयाचा नमस्कार. काकांना नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझा,
अवधूत

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. अण्णांचं परतीचं तिकीट तीस तारखेचं आहे. पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते पुन्हा गप्प होतील. राहा म्हणून मी तीनदा विनवलं, तिन्ही वेळा "बघू". ते फक्त तुझं ऐकतात. तू फोन करून ऑगस्टपर्यंत राहायला सांग. मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस.

ता. क. अक्का, अवधूत पाकीट आणायला गेलाय, तेवढ्यात मी हे लिहितो. पत्र सगळं वाचलं. मी हरवलो नव्हतो. बाकावरून मला स्वच्छ दिसलं, हा गाईंना घाबरून डावीकडे घुसला. हरवला होता तो, म्हणून मी आणायला निघालो. त्याला हे सांगू नकोस, प्लॅनिंगवर फार मेहनत घेतली होती त्याने. तिकीट मी गुरुवारीच पुढे ढकललं, ग्रॅहमच्या घरी बसून (तो मला चहाला घेऊन गेला होता). तरी तू फोन कर आणि मला चांगली रागाव. मी थोडे आढेवेढे घेईन. पोराला वाटू दे, त्याच्यामुळे राहिलो. तसं ते काही खोटं नाही.