उशीररावांची ओळ

४ फेब्रुवारी
सत्काराच्या कार्यक्रमाचा आयोजक येऊन गेला. म्हणे, "ताई, यंदा ते गाणं पूर्ण म्हणायचं! राहिलेली ओळ कवींकडून आणा." जाहिरातही करून मोकळा! आधी विचारायची काही पद्धत?

५ फेब्रुवारी
लोकांना वाटतं, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मी शब्द सोडून गुणगुणते ते मुद्दाम. एका प्राध्यापिकेने तर त्यावर व्याख्यान ठोकलं — विरहिणीचे शब्द अश्रूंत बुडाले वगैरे. कसले अश्रू! रेकॉर्डिंगच्या दिवशी कवीदादा ती ओळ लिहायला व्हरांड्यात गेले ते गेलेच. स्टुडिओची वेळ संपत आलेली. संगीतकार मास्तर म्हणाले, "सुरू करा, तोवर येईल तो." त्या काळी सगळे वादक एकत्र, गाणं एका दमात. ओळीच्या जागी पोचले — हाती काहीच नाही! मास्तरांनी काचेपलीकडून हात फिरवला, थांबू नकोस. मग काय, गुणगुणले. संपल्यावर मास्तर कडाडले, "ओळ कुठंय?" दादा दारात, मान खाली. "सुचली नाही."

तेव्हापासून ते उशीरराव. मीही कमी चिडवलं नाही.

पण त्या गुणगुणण्यानेच मला नाव दिलं. भाजीवालासुद्धा मला बघून तेवढंच गुणगुणतो आणि मूठभर कोथिंबीर जास्त घालतो. आभार देवाचे मानू की दादांच्या आळसाचे?

७ फेब्रुवारी
दादांकडे गेले. फार थकलेत. नाकात नळी, डोळे मात्र तेच मिश्कील. म्हटलं, कार्यक्रम राहू दे, पण माझाही जीव त्या ओळीत अडकलाय, आता तरी सांगा. "थांब की जरा, सुचतेय!" हसता हसता धाप लागली. राग आला आणि रडूही.

८ फेब्रुवारी
वहिनींचा फोन. "वन्सं, सांगू नको म्हणालेत, पण मला राहवत नाही. ओळ तेव्हाच झाली होती हो! घेऊन धावत आले, तर दारातच तुमचं गुणगुणणं कानावर पडलं. म्हणतात, ओळ दिली असती तर ते गुणगुणणं पुसून तिला ती गावी लागली असती."

जन्मभर बोलणी खाल्ली माणसाने. हसत हसत! आणि मीही त्यातलीच. फोन ठेवून भरपूर रडले. दादा, कशी उतराई होऊ?

९ फेब्रुवारी
आयोजकाला कळवलं — ओळ नाही. उशीररावांना अजून सुचलेली नाही.