बॅगेवरची चिठ्ठी

नागपूर, १४ मार्च १९७४, संध्याकाळ

हिंगण्याच्या कारखान्यात आज मुलाखत झाली. जर्मनीहून आणलेली बॅग मुद्दाम नेली, तिच्यावर लटकलेली विमानाची चिठ्ठी समोरून दिसेल अशी धरून. जर्मनीत दोन वर्षं धातूचं ओतकाम शिकलो, ते सांगायला लागलो, पण साहेबांचं लक्ष त्या चिठ्ठीवरच. शेवटी म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण परत कधी जाता?"

जाणार नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. माझ्या शिक्षणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, याचा राग घेऊनच घरी आलो.

आई कात्री घेऊन आली. "ही चिठ्ठी अजून काहून लटकवून ठेवली गा? कापू का?"

"राहू दे," माझ्या तोंडून इतक्या झटकन निघालं, की 'जाणार नाही' हे मलाच पटेना; साहेबांवरचा राग तिथंच ओसरला.