बदकीण मागे राहिली

९ नोव्हेंबर, रविवार

सापडला! बदकांचा पिक्चर! किती वर्षं शोधत होते. नाव माहीत नाही, कुणी काढला माहीत नाही. लाल मफलरवालं पिल्लू तेवढं आठवत होतं. कुणीतरी टीव्हीवरनं उतरवलेली जुनी टेप नेटवर टाकलीय. चित्र हलतं, मधेच पट्टे येतात. पण तोच.

बाबा दुपारचे झोपलेले, म्हणून आवाज बंद करून बघितला. आवाजाची गरजच नव्हती, गोष्ट पाठ आहे. खर्डीच्या घरात बघितला होता. मी पाच वर्षांची. आई घर सोडून गेली त्याच वर्षी. पिक्चर हिंदी, मला हिंदी ओ की ठो कळायचं नाही. बाबा मांडीवर घेऊन मराठीत सांगत होते. शेवटी सगळा थवा उडतो आणि एकटी बदकीण तळ्यात राहते. "बघ, तिला पिल्लापेक्षा तळं आवडलं," बाबा म्हणाले. "काय काय आया अशाच असतात गो."

बस्स. आईबद्दल ते त्यापलीकडे कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पोरांना टाकून जाणारी बाई — तिची चौकशी कशाला करायची?

१० नोव्हेंबर

रुचिताला ताप. शाळा नाही. लेकीला दाखवावा म्हणून पिक्चर लावला आणि बाबांसारखीच पुढचं पुढचं सांगायला लागले. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आई, गप ना! ऐकू दे."

संपल्यावर म्हणते, "तू चुकीचं सांगतेस. ती राहिली नाय, तिला नेलीच नाय. पंख मोडलाय ना तिचा! ती ओरडतेय — मुझे भी ले चलो. तो मोठा बदक बोलला, बीमार को नहीं ले जाएंगे."

"आणि पिल्लाचा बाबा?"

"तो कायच नाय बोलला."

मागे नेऊन परत ऐकला. परत. ती पाण्यावरनं पळतेय, एक पंख लोंबतोय. हाका मारतेय.

पोरगी तिसरीत आहे. तिला एका झटक्यात कळलं.

११ नोव्हेंबर

मी लहान होते, रडेन म्हणून बाबांनी गोष्ट बदलली असेल. दिवसभर स्वतःला हेच सांगितलं. मग बदकिणीलाच वाईट का केलं?

१३ नोव्हेंबर

लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन खर्डीला गेले, सकुआत्याकडे. बाबांची बहीण. ओटीवर तांदूळ पाखडत होती. सरळ विचारलं, आई का गेली?

सूप थांबलं. "तुला आज कुठनं आठवली?"

"सांग."

"टीबी झालेला तिला. खोकताना रगत पडायचं. तुझी आजी बोलली, माहेरी धाड. दादानं नेऊन घातली वैशाखऱ्याला."

"मग?"

"मग काय? गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. परत आली ना. दोनदा आली. दादानं दार नाय उघडलं."

"तू कुठे होतीस?"

"आतच. तुला मांडीवर घेऊन." मग पुन्हा सूप हलायला लागलं. "आमी काय बोलणार गो? घरात त्याचंच चालायचं."

निघताना पिशवीभर नवा तांदूळ दिला. फेकून द्यावासा वाटला. घेऊन आले.

थुंकीच्या डब्या रोज माझ्या हातातून जातात. सहा महिने गोळ्या घेऊन बरी झालेली माणसं लॅबमध्ये पेढे वाटतात. पेढे! आणि माझ्या आईला कडी.

१४ नोव्हेंबर

बाबांच्या हातात मोबाइल दिला. पूर्ण आवाजात. बघत राहिले. बदकीण ओरडायला लागली तसं म्हणाले, "बंद कर."

"हिंदी कळत होतं ना तुम्हाला?"

मोबाइल पालथा ठेवला त्यांनी.

"आजीच्या भीतीनं पाठवलीत, समजू शकते. बरी झाल्यावर?"

"तंवर तू तिचं नाव घ्यायची बंद झालेलीस." भिंतीकडे बघत बोलत होते. "लोक येत नव्हते घरात. परत आणली असती तर पुन्हा तेच. वाटलं, पोर इसरलीय तर इसरू दे."

"विसरले नव्हते मी. तुम्ही मला तिचा राग करायला शिकवलंत."

मग हळूच, "तुझ्या वेण्या कोण घालायचा गो?"

तेच! वेण्या तेच घालायचे. शाळेत खांद्यावरनं तेच न्यायचे. दुसरं लग्न केलं नाही. माणूस सरळ वाईट असता तर आज घराबाहेर काढला असता. ताट त्यांच्यासमोर आदळलं. मग गोळ्या काढून दिल्या. पाणीही दिलं.

१५ नोव्हेंबर

आत्याचा फोन. आई अजून वैशाखऱ्यालाच आहे. घाटाच्या रस्त्यावर भजी-चहाची टपरी आहे तिची. नंतर तिथल्याच वाल्मिक नावाच्या माणसाशी पाट लावला, तोही आता नाही. उद्या जाते. बाबांनी कुठे म्हणून विचारलं नाही. नवा शर्ट घालून बसलेत फोन आल्यापासून. त्यांना नेणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून दुसरी एसटी. दुपारच्या आत पोचले. इतक्या जवळ होती.

मी लगेच ओळखलं. तिनं नाही. बाकावर बसले, तोंड उघडणार तोच तिनं आत हाक मारली, "स्नेहल, ताईंना पानी आन गो."

माझं नाव!

पंचविशीची पोरगी तांब्या घेऊन आली. आईनं बोलता बोलता तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"कुठल्या तुमी? नाव काय?"

कुणाली, म्हणाले मी. नाशिकची.