मशीनचा हादरा

४ मार्च
माझ्या हाताने केलेलं: काच बुडवायचं मशीन. त्याचा दांडा, काच धरायचा चिमटा, बीकर ठेवायची फिरती थाळी. मोटर शिलाई मशीनची, दांडा वर-खाली करणारा कॅम आणि दांडा ज्यातून सरकतो ते पितळी बुश, दोन्ही चादरीच्या जुन्या मागाचे. विकतचे फक्त बीकर! शिक्षण आठवी. विचारलं तरच सांगतो — पण विचारायला लावतो.

विद्यापीठात काव्या यावरच पीएच.डी. करते. काच रसायनात बुडवायची, मग पाण्यात, परत रसायनात. दर बुडीला डोळ्याला न दिसणारा पातळ थर. त्याचा पुढे सोलर सेल. परदेशी मशीन झाकून ठेवलंय. "काका, त्याच्यावर थर सुटतो. तुमच्याच मशीनवर चिकटतो." चिकटणारच.

९ मार्च
पुण्याच्या कंपनीचे दोघं आले. काव्याने कौतुकानं मशीन दाखवलं. एकाने दांड्यावर बोट ठेवलं. "हे हलतंय की हो!" सगळ्यांसमोर! कान तापले. बुश झिजलंय, मला काय ठाऊक नव्हतं? नंतर पायऱ्यांवर तो जे बोलला ते लिहायच्या लायकीचं नाही.

१० मार्च
लेथवर नवं बुश काढलं. जुनं अक्कलकोट रोडच्या भंगारवाल्याला. आता चालू मशीनच्या दांड्यावर रुपयाचं नाणं उभं राहतं!
घरी बायको, काशम्मा म्हणाली, "अय्यो, मशीनचं झालं. आता घरच्या दाराची कडी बघा की, गेल्या दिवाळीपासून हलतीय."

१४ मार्च
काव्याने नव्या थरावर चिकटपट्टी लावून ओढली. अख्खा थर पट्टीवर. नुसती पावडर! परत केलं, तेच.
"काका, काय बदललं हो?"
"बदललं नाही, सुधारलं."
तिला महिनाअखेर प्रबंध द्यायचाय, शेवटचे नमुने अजून बाकी.

१७ मार्च
कारण तिनेच शोधलं. हादऱ्याने काचेवरचे सुटे कण पाण्यात झडायचे, घट्ट धरलेले तेवढे उरायचे. परदेशी मशीन हलत नाही, म्हणूनच तिथं थर सुटतो.
"जुनं बुश कुठंय, काका?"
भंगारवाल्याकडं वितळलं.

१९ मार्च
नवं बुश मुद्दाम कानस मारून बिघडवलं. जास्तच बिघडलं. दुसरं केलं — दांडा हलेचना. चुकायचं माप मला जमत नाही.

२१ मार्च
काव्याने रबर लावून स्वतःचा मोबाईल दांड्याला बांधला. "काच पाण्यात गेली की फोन लावा, काका." लावत राहिलो. दर बुडीला मोबाईल थरथरायचा. चिकटपट्टी कोरी आली! पोरगी नाचायची तेवढी राहिली. तिचे सर म्हणाले, "काकांमुळं झालं." खरंच आहे. फोन मीच लावत होतो.

२२ मार्च
नऊ तारखेचं लिहायचं राहिलंय. पायऱ्यांवर तो म्हणाला होता, "थर बहुतेक त्या हादऱ्यानंच चिकटतोय. मशीन आम्हाला आहे तसं द्या, काही दुरुस्त करू नका." मला वाटलं, टिंगल करतोय. म्हणालो, हलतं मशीन माझ्या नावानं बाहेर जाणार नाही.
साडेतीन लाख देत होता.