‘पाहा आणि शोधा’ या खेळातलं सातवं चित्र

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संगणक शिक्षण विभाग, शिक्षण कार्यालय

विषय : उपरोक्त खेळातून माझ्या ताईचे चित्र काढून टाकणेबाबत.
संदर्भ : माझ्या दोन्ही अर्जांना आपल्या कार्यालयाने दिलेले एकच उत्तर.

महोदया,

आपण स्वतः हा खेळ खेळला आहात का? “मोठ्या बाईंना हे विचारायची तुझी छातीच नाही, लाव पैज!” असं मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून सुरुवातीलाच विचारते. राग नसावा.

१. आपल्या विभागाने शाळांसाठी काढलेला हा खेळ चांगला आहे. नेटवरच्या साध्या फोटोवरून अनोळखी माणूस आपला ठावठिकाणा कसा काढतो, ते त्यातून कळतं. सातव्या चित्रातली बाई कुठे काम करते, हे वर्गात सगळ्यांत आधी मी ओळखलं. पाण्याची टाकी, बसथांब्याचा क्रमांक, ट्रेवरचा शिक्का... नदीपलीकडची बेकरी! मी बाकावर चढून ओरडले. टाळ्या पडल्या. मग त्या बाईच्या ॲप्रनची गाठ दिसली. पोटावर, एका बाजूला, उलटी. तशी गाठ माझी डावखुरी ताईच मारते. पुसलेला होता तो फक्त चेहरा.

२. ताई नवऱ्याच्या मारातून सुटून लपून राहत होती. कुठे, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. रविवारी फक्त फोन यायचा. खेळ सर्वांसाठी खुला असल्याने ती मला सापडली, तशी त्या माणसालाही सापडली. (त्याला मी आता भावोजी म्हणत नाही.) तो बेकरीच्या दारात येऊन उभा राहिला. ताई मागच्या दाराने निघाली. नंतर एकदाच फोन आला, “चिमणे, ते चित्र निघेपर्यंत मी फोन करणार नाही गं. कशातून काय कळेल, भरवसाच उरला नाही.”

३. आपले उत्तर असे : चेहरा पुसलेला असल्याने चित्रात कोणीही व्यक्ती नाही, व्यक्ती असल्यास तिने सध्याचा पत्ता, फोन नंबर व ताजा फोटो जोडून अर्ज करावा. महोदया, या तीन गोष्टी कोणी एकदम मागितल्या तर देऊ नयेत, हे आपल्याच खेळाच्या पहिल्या पायरीवर लिहिलंय. त्या पायरीवर मला पैकीच्या पैकी गुण आहेत. आता मी काय करावे, हे कळविण्यात यावे.

४. रविवारी आई फोन मांडीवर घेऊन बसते. रेंज आहे का, बघायला सांगते. रेंज असते.

५. बाबा म्हणतात, “ताईच्या बेकरीतल्या मैत्रिणीकडून पत्ता काढ आणि देऊन टाक त्या कार्यालयाला. पोरीचा आवाज तरी कानावर पडेल.”

तरी चित्र विनापत्ता काढावे, ही हात जोडून विनंती.

तिसऱ्यांदाही आपली नम्र,
ताईची धाकटी बहीण
इयत्ता नववी, ब तुकडी

प्रत : आई-बाबांस.
समोर बोलायला गेले तर रडू फुटेल, म्हणून इथे लिहिते. ताईचा पत्ता मी विचारणार नाही. चित्र नाही निघालं तरी नाही, फोन कधीच नाही आला तरी नाही. आणि तुम्हीही विचारायचा नाही.